या घरात काकू कोण?

माझं बारसं म्हणे अर्ध्या तासात उरकलं होतं. आत्याने कानात नाव सांगितलं, घुगऱ्या वाटल्या, संपलं. आईच्या पेजचं बारसं मात्र गणपती बसले तेव्हा सुरू झालं आणि गणपती उठले तरी संपायचं नाव घेईना.

पेज आईच्या पुरणपोळ्यांचं होतं. आई चाकणच्या एका कंपनीच्या कँटीनमध्ये कित्येक वर्षं स्वयंपाकाला होती. पहाटे पिंपळे गुरवच्या चौकात कंपनीच्या बसची वाट बघत उभी राहायची, ती दुपारी पुरणाच्या नाहीतर फोडणीच्या वासासकट घरी यायची. मग कँटीनचा कॉन्ट्रॅक्टर बदलला. नव्याने स्वतःची माणसं आणली, चपात्यांचं मशीन आणलं, आणि आई आणि तिच्याबरोबरच्या बायका घरी बसल्या. पहिले काही दिवस आमच्या घरात भांडी घासली जात नव्हती, भांड्यांवर राग काढला जात होता. एक दिवस तिने हात पुसले आणि सांगून टाकलं, "मी पोळ्या विकणार. मोबाइलवर."

"दुकान टाकू या की मग," वडील म्हणाले. ते एका गाड्यांच्या कारखान्यातून रिटायर झालेले. त्यांना जे हाताने धरता येत नाही त्यावर विश्वास नाही.

"दुकान नको. मला ऑर्डर पाहिजे. कँटीनमध्ये एवढी माणसं माझ्या हातचं जेवली, पण कुणी कधी म्हटलं का, हे अमक्या बाईच्या हातचं आहे म्हणून? 'आज कँटीनची भाजी बरी होती' म्हणायचे आणि ढेकर देऊन शिफ्टला जायचे. आता मला माझ्या हातचं म्हणून मागून खाणारं माणूस पाहिजे."

एवढं एकच तिला हवं होतं. पैसे सुटले तर सुटले, न सुटले तर वडिलांची पेन्शन आणि माझा पगार होता. पण हे मागणं साधं वाटलं तरी तसं नव्हतं, हे आम्हाला पुढे कळलं.

पेज काढायला माझा मावसभाऊ आला. तो वाकडला डिजिटल मार्केटिंगमध्ये आहे. म्हणजे नेमकं काय करतो ते त्याच्या आईलाही माहीत नाही, पण चष्मा भारी वापरतो. त्याच्या स्वतःच्या प्रोफाइलवर त्याचं पहिलं नाव आणि पुढे 'ऑफिशियल' असं आहे. अनऑफिशियली सुद्धा त्याला कुणी ओळखत नाही, ते सोडा. आडनाव त्याने कधीच गाळलंय. विचारलं तर म्हणतो, "ताई, ब्रँडिंगला लांब पडतं." त्याचं आडनाव तीन अक्षरांचं आहे.

तसं आमच्या पट्ट्यात खरं नाव लावून वावरतंय तरी कोण? मी चाकणला क्वालिटीत आहे. आमच्या लाइनवरचा एक पोरगा रोज सुपरवायझरच्या शिव्या खातो, त्याचं प्रोफाइल 'किंगमेकर' नावाचं. दुसऱ्याच्या नावात 'सरकार' आहे, आणि त्याला रजा मागायला तीनदा रडावं लागतं. ज्यांच्या जमिनी गेल्या ते 'राजे' झाले, ज्यांच्या राहिल्या ते 'पाटील' होतेच. राजे आणि सरकार सगळे सकाळी एकाच बसमध्ये डुलक्या काढत कामावर येतात.

तर आम्ही चौघं बसलो. मावसभावाने पहिलं नाव टाकलं, 'आईच्या हातचं'. मोबाइल म्हणाला, हे नाव उपलब्ध नाही. मध्ये अंडरस्कोर दिला, नाही. दोन अंडरस्कोर, नाही. शेवटी टिंब, तरी नाही. जगातल्या सगळ्या आयांचे हात आधीच बुक झाले होते. 'अन्नपूर्णा' तर विचारूच नका. 'घरची चव' नावाची जी पेजं होती, त्यातली निम्मी हॉटेलांची होती.

"मावशीच्या पोळ्या लिही की," आई म्हणाली. कँटीनमध्ये मॅनेजरपासून हेल्परपर्यंत सगळे तिला मावशीच म्हणायचे. तिच्या दृष्टीने विषय संपला होता.

मावसभाऊ खुर्चीत जरा हलला. "मावशी, सॉरी हं. पण 'मावशी' नको."

"का रे बाबा?"

"मावशी म्हटलं की लोकांना फरशी पुसणारी बाई दिसते. काकू म्हटलं की साजूक तूप दिसतं. मार्केट तसं आहे, मी काय करू?"

हे तो आपल्या सख्ख्या मावशीला सांगत होता, तिनेच केलेले पोहे खात खात. मला असा राग आला की वाटलं, ती बशी त्याच्या हातातून काढून घ्यावी. पण पोरगं खोटं बोलत नव्हतं. आमच्या इकडे जिच्या हातात झाडू ती मावशी आणि जिच्या दाराला पितळेची पाटी ती काकू. हे कुणी शिकवलेलं नाही आणि कुणी विसरतही नाही. मावशीला आडनाव विचारतात. काकूला विचारावं लागत नाही, ते लोक मनात धरूनच चालतात, आणि मनात धरलेलं आडनाव आमचं नसतं. खाण्यापिण्याच्या बाबतीत तर नसतंच नसतं.

वडील इतका वेळ पेपर वाचत असल्यासारखे बसले होते. त्यांनी पेपर खाली ठेवला. "या घरात काकू कोण आहे?"

"काका, ते फक्त नाव आहे हो."

"मला सख्खा भाऊ नाही. म्हणजे ही कुणाची काकू लागत नाही. मग पेजवर काकू आली कुठून?"

"ब्रँड आहे तो."

"सरळ सांग ना, आडनाव झाकायचंय. आम्ही युनियनच्या फलकावर नाव लिहून उभे राहिलो, नोकरी जायची वेळ आली तरी पुसलं नाही. आणि आता पोळ्या विकायला काकू व्हायचं?"

वडील युनियनचा फलक काढतात तेव्हा आमच्या घरात कुणी बोलत नाही, कारण पुढचं सगळं आम्हाला पाठ आहे. पण त्या दिवशी ते पुढचं काही बोलले नाहीत. आईकडे बघत बसले.

आई म्हणाली, "पोळी खपली पाहिजे. नावाचं काय लोणचं घालायचंय?"

वडील उठले, चप्पल घातली आणि विहाराकडे निघून गेले. रविवार नव्हता, तिथे कुणी असायचीही शक्यता नव्हती.

मावसभावाला 'पुणेरी काकू' हवं होतं. मी म्हटलं, आपण पुण्यात राहतो का? पिंपरी-चिंचवडचा माणूस बाहेरगावी गेला की 'पुण्याचा' म्हणून सांगतो आणि घरी आला की पुणेकरांच्या नावाने बोटं मोडतो, पण लेखी द्यायची वेळ आली की जपून राहिलेलं बरं. सुदैवाने पुणेरी काकू चिक्कार निघाल्या, एकही नाव शिल्लक नव्हतं. शेवटी पिंपरी-चिंचवडचं पीसीएमसी जोडून 'काकूंची पोळी अंडरस्कोर पीसीएमसी' मिळालं. मावसभावाने त्याला एक चित्रही करून आणलं. गोरीपान बाई, नाकात नथ, मानेवर अंबाडा, हातात ताट.

आईने चष्मा लावून पाहिलं. "ही कोण?"

"काकू."

"बरी दिसते," आई म्हणाली आणि पुरण वाटायला गेली.

फोटो काढायचे तर स्वयंपाकघरात काढायचे, बाहेरच्या खोलीत नाही, अशी मावसभावाची सूचना होती. बाहेरच्या खोलीच्या भिंतीवर बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर आहे. "मागची भिंत फ्रेममध्ये नको, क्लटर होतं," तो म्हणाला. त्याच्या घरीही त्याच दोन तसबिरी आहेत, त्यालाच ठाऊक तो तिथे फोटो कसे काढतो.

आणि पोळी चालली हो! अशी चालली की आई दुपारचं झोपणं विसरली. मऊ, काठापर्यंत पुरण भरलेली पोळी आणि बरोबर कटाची आमटी. वडिलांनी पहिले काही दिवस रुसवा धरला, मग आपणहून स्कूटर बाहेर काढली आणि डबे पोचवायला लागले. सोसायटीच्या गेटवर वॉचमनकडे द्यायचे आणि 'काकूंचं पार्सल' म्हणायचे. म्हणताना त्यांचं तोंड कडू व्हायचं, हे मी एकदा मागे बसून गेले तेव्हा पाहिलं.

पेजवर लोक कौतुक करायचे. 'काकू, आजीची आठवण आली.' 'काकू, हात द्या, मुका घेते.' एका गृहस्थांनी लिहिलं, 'अगदी सोवळ्यातली चव आहे.' वडिलांनी चष्मा पुसून ते दोनदा वाचलं. आई तर हसून हसून ओट्याला टेकली. "अहो, ऐकलं का, मी सोवळ्यात आहे म्हणे! लांब सरका." आम्ही होळी कधीच सोडली, पोळी तेवढी सोडली नाही, आणि तिचं हे असं झालं होतं. मला काही हसू आलं नाही.

हसण्याचा भर ओसरल्यावर आईने मला विचारलं, "सगळे काकूलाच म्हणतात ना गं चांगलं?"

"तूच काकू आहेस."

"हो, ते आहेच," ती म्हणाली, पण तिच्या तोंडावरून ते आहे असं वाटलं नाही.

पिंपळे सौदागरच्या एका मोठ्या सोसायटीतल्या बाई आमच्या सगळ्यात पक्क्या गिऱ्हाईक होत्या. दर शनिवारी त्यांची ऑर्डर असायचीच. त्यांनीच सोसायटीच्या ग्रुपवर आईची शिफारस केली आणि त्यांच्या बिल्डिंगीतल्या बऱ्याच घरांत पोळ्या जायला लागल्या. होळीच्या आदल्या दिवशी त्यांचा फोन आला. उद्या घरी नैवेद्य आहे, पाहुणे आहेत, मोठी ऑर्डर आहे, मी स्वतःच गाडी घेऊन येते, काकूंना एकदा भेटायचंच आहे.

आई हरखली. तिने खोली आवरली, नवी चादर घातली, आणि चक्क केसांना तेल लावलं. तिला वाटलं, हे ते माणूस. आपल्या हातचं म्हणून मागून खाणारं.

बाई आल्या. बोलायला गोड, वयाने माझ्याहून थोड्या मोठ्या. दारातच म्हणाल्या, "अय्या, काकू! चित्रातल्यासारख्या नाही दिसत हो तुम्ही."

"चित्रातली जरा जास्तच गोरी आहे," आई म्हणाली. "बसा. पाणी घ्या."

बाई बसल्या. आईने पाण्याचा ग्लास पुढे ठेवला. बाईंनी हात पुढे केला आणि मान वर केली. समोर भिंत होती. त्यांचा हात तिथेच थांबला, मग त्याने पदर सारखा केला. "असू दे हो काकू, घाईत आहे. गाडी रस्त्यात लावलीय." पोळ्यांचे डबे त्यांनी उचलले, कारण पैसे दिलेले होते. ग्लास होता तसा भरलेला राहिला.

दुसऱ्या दिवशी त्यांचा निरोप आला, सध्या घरात बाहेरचं खाणं बंद केलंय. पुढच्या शनिवारी त्या बिल्डिंगीतल्या सगळ्यांनीच बाहेरचं बंद केलं होतं. आमच्या कंपनीत एखादा पार्ट रिजेक्ट झाला की 'व्हाय-व्हाय' करतात, म्हणजे खरं कारण सापडेपर्यंत का, का असं विचारत राहायचं. इथे एकदाही विचारायची गरज पडली नाही.

मी तडतडत होते. म्हटलं, त्या बाईला असं लिहिते की आयुष्यभर लक्षात ठेवेल. नैवेद्याचं काय केलंत, ते तरी विचारते. वडील 'मी सांगितलं होतं' असं म्हणाले नाहीत याचंच मला जास्त वाईट वाटत होतं.

आई पुरणयंत्र धूत होती. ती म्हणाली, "त्या बाईला काही लिहू नकोस. मला राग आलाय, पण तिचा नाही. असली माणसं मी बघितली आहेत. मला त्या नथवालीचा राग आलाय."

"कुठल्या?"

"काकूचा. एवढं मी राबले आणि नाव हिने खाल्लं. कँटीनमध्ये निदान कुणाचंच नाव नव्हतं. इथे माझ्या पोळीवर दुसरीचं नाव. काढ तिला."

"मग काय लिहू?"

तिने सांगितलं. आधी स्वतःचं नाव, मग माझ्या वडिलांचं, मग आडनाव. रेशनकार्डावर असतं तसं. मी म्हटलं, "आई, गिऱ्हाईक जाईल."

"जाऊ दे. मला मागून खाणारं पाहिजे होतं. हे तर काकूचं मागत होते."

मी टाइप केलं. मनात म्हटलं, आता हेही उपलब्ध नसेल. पण लगेच बरोबरची हिरवी खूण आली. अंडरस्कोर नको, टिंब नको. काकूंच्या नावासाठी लोक रांगेत उभे होते, आईच्या नावाला कुणी हात लावलेला नव्हता. फोटो वडिलांनी काढला, बाहेरच्या खोलीत, भिंतीसमोर. आईचं डोकं थोडं कापलं गेलं, पण भिंत पूर्ण आली. मावसभावाचा रात्री फोन आला, "ताई, हे काय केलंत, सगळं रीच गेलं!" मी म्हटलं, तुझ्या मावशीशी बोल. त्याने फोन ठेवला.

गिऱ्हाईक गेलं, अगदी धडाधड गेलं. आई दुपारची झोपायला लागली, म्हणजे डोळे मिटून पडायची. मग हळूहळू एकेक फोन यायला लागले. 'अहो मावशी, तुम्ही? आम्ही कंपनीतले पेंट शॉपवाले.' 'मावशी, तुमच्या हातचा रस्सा अजून आठवतो, रस्सा पण द्या ना राव.' चाकणहून पोरं मोटारसायकलवर येऊन डबे न्यायला लागली. आमच्या विहारातल्या बायकांनी लग्नाच्या पंक्तीला पोळ्या सांगितल्या. पूर्वीएवढं नाही झालं, खोटं कशाला सांगू, पण आईचं झोपणं पुन्हा बंद झालं.

आणि मग एक ऑर्डर आली. प्रोफाइलला फोटो नाही. नावाच्या जागी 'यूजर' आणि पुढे नुसते आकडे, कुत्र्याने टंकल्यासारखे. 'पोळ्या पाहिजेत. पिंपळे सौदागर. गेटवर वॉचमनकडे द्या. घरी फोन करू नये.' आणि पैसे आगाऊ पाठवले. एवढी काळजी घेतली आणि तिथेच फसलं. पेजवर काय वाट्टेल ते नाव घ्या, पैसे पाठवायची वेळ आली की बँक सासरच्या आडनावासकट सगळं सांगून टाकते. मोबाइलवर त्या शनिवारच्या बाईंचं पूर्ण नाव आलं.

मी उड्याच मारल्या. "आई, बघ बघ! बाहेरचं बंद केलं होतं ना! मी पैसे परत करते आणि चांगलं सुनावते."

आईने हात पुसले, मोबाइल हातात घेतला, नाव सावकाश वाचलं. "परत नको करू. लिही, गेटवर मिळणार नाही. घरी येऊन घेऊन जा म्हणावं."

मी लिहिलं. तिकडे काहीतरी टाइप होत असल्याचं दिसायला लागलं. थांबलं. पुन्हा दिसायला लागलं. बराच वेळ असं चाललं. शेवटी उत्तर आलं, 'बरं.'

बाई रविवारी सकाळी आल्या. या वेळी 'अय्या' नाही, काही नाही. दारात चप्पल काढताना इकडेतिकडे बघितलं. आई म्हणाली, "बसा. पाणी घ्या," आणि ग्लास पुढे ठेवला. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले, डबे हातात धरून. मनात म्हटलं, नाही प्यालीस ना बाई, तर हे डबे आज चाकणला जातील, पैसे गेले खड्ड्यात.

त्यांनी भिंतीकडे पाहिलं. मग आईकडे पाहिलं. मग ग्लास उचलला आणि औषध घ्यावं तसा डोळे मिटून एका दमात रिकामा केला.

"चव सुटत नाही हो," त्या म्हणाल्या, "काक..." आणि मध्येच अडल्या.

"डब्यावर नाव लिहिलंय," आई म्हणाली. "गरम आहेत, झाकण जरा उघडं ठेवा."

बाई गेल्या. मी आत आले तर आई मोरीत तो ग्लास घासत होती. घासला, विसळला, उलटा घातला. मग पुन्हा उचलला आणि पुन्हा राख लावून घासायला लागली.

"अगं, घासलास ना एकदा?"

"असू दे," आई म्हणाली. "कोण कुठली, आपल्याला काय माहीत? साधं नावसुद्धा लावत नाही बाई."